पॅलेडियम आणि त्याचे सोबती

परिसाची गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. लोखंडास परीस लागला कीं त्याचें सोनें होतें आणि परीस जसाच्या तसा राहतो, ही कल्पना कीर्तनांतून इतक्या वेळां कानांवर आलेली असते कीं रसायनशास्त्राच्या वर्गांत ‘उत्प्रेरक’ हा शब्द शिकवितांना शिक्षकास निराळें उदाहरण शोधावें लागत नाहीं. विक्रियेस गति देऊन जो शेवटीं स्वतः शिल्लक राहतो तो उत्प्रेरक. परिसाशीं त्याचें साम्य उघड आहे. परंतु ज्या धातूविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे त्याच्या बाबतींत हें साम्य अर्ध्या वाटेवर सुटतें. परीस एकटा असतो. विक्रियेच्या द्रावणांत पॅलेडियम एकटें पडलें तर तें काळ्या भुकटीच्या रूपानें भांड्याच्या तळाशीं बसतें आणि काम थांबतें. त्याच्या अंगाला जे दुसरे रेणु धरून असतात त्यांवर त्याची बहुतेक कर्तबगारी अवलंबून असते. ह्या धरून असणाऱ्या रेणूंचा, म्हणजे लिगंडांचा, इतिहास हाच पॅलेडियमच्या इतिहासाचा अर्धा अधिक भाग आहे. आणि त्यांत पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांचाहि वाटा आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा लेख आम्ही चऱ्होलीस राहून लिहीत आहों. गांवाच्या एका अंगास इंद्रायणी आणि तिच्या कांठीं आळंदी. दुसऱ्या अंगास दिघी, भोसरी, पिंपरी. उत्तरेस थोड्या अंतरावर चाकण. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पेट्रोलच्या मोटारींत धूर शुद्ध करणारें जें उपकरण असतें त्यांत बहुधा पॅलेडियम असतें. पुणें जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास कुरकुंभसारख्या ठिकाणीं औषधांचे कारखाने आहेत, आणि आजच्या औषधांपैकीं कित्येकांच्या घडणींत कोठें ना कोठें पॅलेडियमचा हात लागलेला असतो. आमच्या वर्गांतील मुलें पदवी घेऊन ह्याच पट्ट्यांत नोकरीस लागतात. ज्या संयुगाचा ग्रॅम न् ग्रॅम सोनाराप्रमाणें तोलून घ्यावा लागतो तें कोठून आलें, हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. अभ्यासक्रमांत हेक विक्रिया, सुझुकी विक्रिया अशीं नांवें येतात. परीक्षेंत इकडचे तिकडचे बाण काढून दाखविले कीं पांच गुण मिळतात. नांवामागें माणूस असतो, आणि एका नांवामागें कधीं कधीं न उच्चारलेलीं चार नांवें असतात, ही गोष्ट त्या बाणांत मावत नाहीं.

आधीं प्रश्न काय होता तें पाहूं. सेंद्रिय रसायनशास्त्राचा सगळा संसार कार्बनावर चालतो. नवें औषध बनविणें म्हणजे पुष्कळ वेळां कार्बनाचा एक सांगाडा दुसऱ्या सांगाड्यास नेमक्या जागीं जोडणें. ह्यांत बेंझिनाच्या कड्यावरील कार्बन मोठा हट्टी. १९०१ सालीं उल्मान ह्या जर्मन रसायनज्ञानें तांब्याच्या भुकटीनें अशीं दोन कडीं जोडून दाखविलीं. पण त्यास दोनशें अंशांच्या आसपास उष्णता लागे, आणि दोन निरनिराळीं कडीं एकत्र घातलीं तर कोण कोणास जोडलें जाईल ह्याचा नेम नसे. नाजूक रेणूचा अशा आंचेवर कोळसाच व्हावयाचा. सौम्य उष्णतेवर, रेणूचे बाकीचे अवयव न दुखवितां, हव्या त्याच दोन कार्बनांची गांठ घालणारा मध्यस्थ पाहिजे होता. तो सांपडावयास आणखी सत्तर वर्षें लागलीं.

मध्यस्थ मात्र तोंपर्यंत अज्ञात नव्हता. त्याच्या जन्माची हकीकत मोठी विलक्षण आहे, आणि शास्त्राच्या इतिहासांत इतकी गंमत क्वचित् आढळते म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. १८०३ सालच्या एप्रिल महिन्यांत लंडनमध्यें एक छापील पत्रक फिरूं लागलें. सोहो भागांत जेरार्ड स्ट्रीटवरील २६ नंबरच्या फॉर्स्टर ह्यांच्या दुकानांत पॅलेडियम ऊर्फ नवें रुपें नांवाचा एक नवीन धातु पांच शिलिंग, अर्धी गिनी आणि एक गिनी अशा नमुन्यांनीं विकत मिळेल, अशी त्यांत जाहिरात होती. शोधक कोण, धातु कशांतून काढला, ह्याचा उल्लेख नाहीं. नवीन मूलद्रव्याची वार्ता विद्वत्सभेंत न येतां दुकानांत यावी हें पाहून रिचर्ड चेनेव्हिक्स नांवाचा आयरिश रसायनज्ञ चिडला. ही लबाडी उघडकीस आणावी म्हणून त्यानें दुकानांत होता तेवढा माल विकत घेतला, पुष्कळ प्रयोग केले, आणि मे महिन्यांत रॉयल सोसायटीला कळविलें कीं हा नवा धातु नसून प्लॅटिनम आणि पारा ह्यांचें मिश्रण आहे. त्याच वर्षाचें कोप्ले पदकहि त्यास मिळालें. इकडे त्या अनामिक शोधकानें आणखी एक खोडी काढली : जो कोणी वीस ग्रेन कृत्रिम पॅलेडियम बनवून दाखवील त्यास वीस पौंड बक्षीस. बक्षीस घेण्यास कोणी आला नाहीं. शेवटीं १८०५ सालीं विल्यम हाइड वुलस्टन ह्यानें तो शोध आपला असल्याचें जाहीर केलें. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या प्लॅटिनमच्या खनिजांतून त्यानें हा धातु वेगळा केला होता, आणि १८०२ सालीं ओल्बर्स ह्यास दिसलेल्या पॅलस ह्या लघुग्रहावरून त्याचें नांव ठेविलें होतें.

वुलस्टननें असें कां केलें ? स्मिथसन टेनंट ह्याच्या भागीदारींत त्यानें प्लॅटिनम शुद्ध करण्याचा धंदा उभारला होता, आणि ती कृति त्यास गुप्त ठेवावयाची होती. शोधाचा मान तर पाहिजे, पण रीत उघड व्हावयास नको. मग दुकान बरें! वुलस्टनच्या बुद्धीविषयीं आदर बाळगूनहि आम्हांस ह्या प्रकरणांत चेनेव्हिक्सची कींव येते. त्याचा निष्कर्ष चुकला, परंतु त्यानें आपला निष्कर्ष नांवानिशीं मांडला. व्यापारी गुपित आणि शास्त्र ह्यांची ही ओढाताण पॅलेडियमच्या नशिबीं अगदीं जन्मापासून आहे. ती पुढेंहि दिसेल.

त्यानंतरचें शतक फार वेळ न दवडतां ओलांडूं. टॉमस ग्रॅहॅम ह्यानें १८६६ सालीं दाखविलें कीं पॅलेडियम आपल्या घनफळाच्या कित्येकशें पट हायड्रोजन शोषून घेतें. १८९४ सालीं फिलिप्स नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें पॅलेडियम क्लोराइडाच्या द्रावणांतून एथिलीन वायु सोडला, तेव्हां ॲसिटाल्डिहाइड तयार झालें आणि काळें पॅलेडियम खालीं बसलें. पाहिलें, नोंदलें, आणि विषय तेथेंच राहिला. कारण चिमूटभर ॲसिटाल्डिहाइडासाठीं चिमूटभर पॅलेडियम खर्चीं घालणें कोणास परवडणार? १९५९ सालीं जर्मनींत श्मिट आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं त्यास एक साधी जोड दिली. द्रावणांत तांब्याचें क्लोराइड घातलें कीं खालीं बसणारें पॅलेडियम पुन्हां विरघळतें, आणि दमलेल्या तांब्यास हवेंतील ऑक्सिजन ताजें करतो. ह्यालाच वाकर पद्धति म्हणतात. तींत पॅलेडियम खर्ची न पडतां फिरत राहिलें. फिलिप्सच्या निरीक्षणापासून ह्या युक्तीपर्यंत पासष्ट वर्षें गेलीं.

आतां ‘लिगंड’ ह्या शब्दाकडे वळूं. १८९३ सालीं आल्फ्रेड वेर्नर ह्यानें अशी उपपत्ति मांडली कीं धातूचा अणु आपल्याभोंवतीं ठराविक संख्येनें आणि ठराविक आकृतींत दुसरे अणु किंवा रेणु धरून ठेवतो. अशा संयुगांस इंग्रजींत कॉम्प्लेक्स म्हणतात. मराठींत ‘जटिल संयुग’ हा शब्द रूढ झाला आहे. आम्हांस तो विशेष आवडत नाहीं. जटिल म्हटलें कीं जटा आठवतात आणि विद्यार्थी आधींच भितो. वस्तुतः पॅलेडियमचें एक नेहमींचें संयुग पाहिलें तर मध्यें धातु आणि चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार सोबती, इतकी ती रचना सुटसुटीत असते. ह्या सोबत्यांस लिगंड हें नांव आल्फ्रेड स्टॉक ह्यानें १९१६ सालीं दिलें. बांधणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तें आलें आहे. दोन हातांनीं धरणाऱ्या लिगंडास पुढें जें विशेषण मिळालें त्याचा मूळ अर्थ खेकड्याची नांगी असा आहे. नांगीनें धरलेला धातु सहजीं सुटत नाहीं, हें पुण्याच्या गोष्टीपर्यंत लक्षांत ठेवावें.

१९६८ सालीं अमेरिकन रसायन संस्थेच्या मासिकांत रिचर्ड हेक ह्या एकाच लेखकाचे लागोपाठ सात निबंध आले. हेक त्या वेळीं डेलावेअर संस्थानांतील हर्क्युलीस कंपनींत नोकरीस होते. बेंझिनाचें कडें आणि दुहेरी बंध असलेला रेणु ह्यांची गांठ पॅलेडियम घालून देतें, असें त्यांनीं दाखविलें. मात्र ह्यांत पाऱ्याचीं विषारी संयुगें लागत. पाऱ्याची ही अडचण प्रथम दूर झाली ती जपानांत. १९७१ सालीं त्सुतोमु मिझोरोकी ह्यांनीं आयोडोबेंझीन घेऊन थोड्याशा पॅलेडियमवर तीच विक्रिया चालविली. हेक ह्यांनीं स्वतंत्रपणें १९७२ सालीं तशीच विक्रिया प्रसिद्ध केली, आणि मिझोरोकींच्या अग्रक्रमाचा उल्लेख केला. मिझोरोकी १९८० सालीं अकालीं वारले. पुढें दीर्घ काळ ती विक्रिया एकट्या हेक ह्यांच्या नांवानें ओळखली गेली, आणि दुसरें नांव जोडण्याची रीत सावकाश पडत गेली.

ह्या विक्रियांत पॅलेडियम करतें काय ? आमच्याकडे लग्न जुळविणारा मध्यस्थ जसा आधीं वरपक्षाचा हात हातांत घेतो, मग वधूपक्षाचा, आणि दोघांची गांठ पडली म्हणजे स्वतः बाजूस होऊन दुसऱ्या घरीं जातो, तसाच हा प्रकार आहे. शून्य भारित पॅलेडियम प्रथम कार्बन आणि आयोडीन किंवा ब्रोमीन ह्यांच्यामधील बंधांत शिरतें. मग दुसरा कार्बन त्याच्या अंगावर येतो. दोन कार्बन शेजारीं आले कीं ते परस्परांस धरतात आणि पॅलेडियम मोकळें होतें. एका अणूनें असे हजारों विवाह जुळवावे अशी कारखानदाराची अपेक्षा असते. पण मधल्या घटकेंत, एक लग्न होऊन दुसरें जुळेपर्यंत, हा मध्यस्थ फार असहाय असतो. त्या वेळीं त्याचे अणु एकमेकांस भेटले तर गोळा होऊन काळी भुकटी होते. त्यास सांभाळून धरावयाचें, पण इतकें घट्ट नाहीं कीं कामासाठीं हातच मोकळा राहूं नये. हें लिगंडाचें काम. १९७४ सालीं डीक आणि हेक ह्यांनीं ट्रायफेनिल फॉस्फीन हा लिगंड ह्या विक्रियेंत आणला. फॉस्फरसाच्या एका अणूवर तीन बेंझिनकडीं, असा हा पांढरा, स्वस्त आणि हवेंत बऱ्यापैकीं टिकणारा पदार्थ. ह्या फॉस्फीनाच्या चार रेणूंनीं वेढलेलें पिवळें पॅलेडियम-संयुग मात्र हवेंत बिघडतें. बाटली उघडून ठेवली तर लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग हळूहळू काळवंडतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास लिगंड म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

१९७०च्या दशकांत ह्या क्षेत्रांत जी घाई झाली तिचें सविस्तर वर्णन येथें करीत नाहीं. सोनोगाशिरा, नेगिशी, स्टिले अशीं नांवें एकामागून एक आलीं. प्रत्येकानें दुसऱ्या कार्बनास आणून देणारा निराळा वाहक निवडला, कोणी तांबें, कोणी जस्त, कोणी कथील. ह्या साऱ्यांत अखेर ज्याचा प्रसार सर्वाधिक झाला तो वाहक म्हणजे बोरॉन. आणि बोरॉनाची गोष्ट पुण्यापर्यंत येते.

१९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत हर्बर्ट ब्राऊन ह्यांच्या प्रयोगशाळेंत बी. सी. सुब्बा राव नांवाचे भारतीय रसायनज्ञ काम करीत होते. सोडियम बोरोहायड्राइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड ह्यांच्या मिश्रणानें निरनिराळ्या एस्टरांचें क्षपण करावयाचें आणि प्रत्येकास किती हायड्राइड लागतें तें मोजावयाचें, असें तें काम होतें. कंटाळवाणें काम; कोष्टक भरावयाचें. साध्या एस्टरास हिशेबाप्रमाणें दोन भाग हायड्राइड लागे. एथिल ओलिएट ह्या एस्टरास मात्र २.३७ भाग लागलें. ओलेइक आम्ल म्हणजे आमच्या शेंगदाण्याच्या तेलांत ज्याचा मोठा वाटा असतो तें आम्ल. त्याच्या सांखळींत एक दुहेरी बंध असतो. नमुना अशुद्ध असेल अशी शंका येणें साहजिक होतें. नमुना शुद्ध करूनहि आंकडा खालीं येईना. तेव्हां उलगडा झाला कीं जादा हायड्राइड दुहेरी बंधाकडे जात आहे : बोरॉन आणि हायड्रोजन त्या बंधावर जाऊन बसत आहेत, तेंहि सौम्य परिस्थितींत आणि सुबकपणें. १९५६ सालीं ब्राऊन आणि सुब्बा राव ह्यांच्या नांवें हा शोध प्रसिद्ध झाला. त्यास हायड्रोबोरेशन म्हणतात. कार्बनावर बोरॉन बसविण्याची ही सोपी वाट उघडली नसती तर पुढील हकीकत निराळी झाली असती. सुब्बा राव नंतर पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आले, आणि बोरोहायड्राइडावरील त्यांचें काम पाषाणच्या त्या इमारतींतूनहि प्रसिद्ध होत राहिलें.

ह्या प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजीं मुंबई इलाख्याचे मुख्य मंत्री बाळासाहेब खेर ह्यांनीं बसविली आणि उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरू ह्यांच्या हस्तें झालें. स्वातंत्र्याच्या आधीं चार महिने पाया घालून प्रजासत्ताकाच्या आधीं तीन आठवडे दार उघडणाऱ्या ह्या संस्थेविषयीं पुण्याच्या लोकांस जितकी माहिती असावी तितकी नाहीं, असें आम्हांस नेहमीं वाटतें. पर्वतीच्या पायऱ्या किती हें सांगणारे पुष्कळ भेटतात.

इकडे जपानांत साप्पोरो येथील एका पुस्तकाच्या दुकानांत अकिरा सुझुकी ह्या तरुण प्राध्यापकाच्या हातीं ब्राऊन ह्यांचें हायड्रोबोरेशनवरील पुस्तक पडलें. तें वाचून ते १९६३ सालीं पर्ड्यूस गेले, दोन वर्षें राहिले, आणि बोरॉनाचें वेड घेऊन परतले. अडचण ही होती कीं बोरॉनाशीं जोडलेला कार्बन फार शांत. पॅलेडियमकडे जाण्याची त्यास इच्छाच नसे, आणि म्हणून ह्या संयुगांचा जोडणीस उपयोग नाहीं असेंच बहुतेक समजत. सुझुकी आणि त्यांचे सहकारी नोरिओ मियाउरा ह्यांनीं द्रावणांत अल्क घातला. अल्कानें बोरॉनावर ऋणभार येतो आणि तो आपला कार्बन सोडावयास तयार होतो. १९७९ सालीं ही विक्रिया प्रसिद्ध झाली, आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं ब्राऊन ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बोरॉनाचीं हीं आम्लें हवेंत टिकतात, पाण्यास भीत नाहींत, कथिलाच्या संयुगांसारखीं विषारीहि नाहींत. औषधाच्या कारखान्यास आणखी काय पाहिजे? सुझुकी ह्यांनीं ह्या विक्रियेचें पेटंट घेतलें नाहीं. सरकारी पैशानें केलेलें संशोधन सर्वांचें, असें त्यांचें म्हणणें. जेरार्ड स्ट्रीटच्या दुकानानंतर पावणेदोनशें वर्षांनीं पॅलेडियमच्या इतिहासांत हा उलटा प्रकार घडला.

२०१० सालीं हेक, नेगिशी आणि सुझुकी ह्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हेक तेव्हां फिलिपाइन्समध्यें राहत होते. संशोधनास पैसा मिळेना म्हणून ते १९८९ सालींच विद्यापीठांतून निवृत्त झाले होते. २०१५ सालीं मनिला येथें त्यांचें निधन झालें. सुब्बा राव ह्यांचें नांव पारितोषिकाच्या बातम्यांत येण्याचें कारण नव्हतें. तीं पारितोषिकें पॅलेडियमचीं होतीं. पण आमच्या पदवीच्या पुस्तकांत हायड्रोबोरेशनखालीं एकट्या ब्राऊन ह्यांचें नांव छापून येतें त्यास मात्र कारण सांपडत नाहीं.

विक्रिया सांपडली म्हणजे प्रश्न संपला असें नाहीं. १९९०च्या दशकापर्यंत ह्या साऱ्या जोडण्यांस आयोडीन किंवा ब्रोमीन असलेलीं कडीं लागत, तीं महाग. क्लोरीन असलेलीं स्वस्त आणि मुबलक, परंतु कार्बन-क्लोरीन बंध इतका बळकट कीं ट्रायफेनिल फॉस्फीन धारण केलेलें पॅलेडियम त्यास साधारणतः तोडूं शकत नसे. येथें लिगंडाचा विचार शास्त्राच्या पायरीवर आला. १९७० सालीं टोलमन ह्यानें फॉस्फीनांचें मोजमाप करण्याची एक साधी रीत मांडली होती : धातूच्या ठिकाणीं उभें राहून पाहिलें तर लिगंड किती अंशांचा शंकु व्यापतो ? ट्रायफेनिल फॉस्फीन १४५ अंश. ज्याच्या फॉस्फरसावर तीन झुपकेदार ब्यूटिल गट आहेत तें फॉस्फीन १८२ अंश. इतक्या स्थूल सोबत्यांची धातूभोंवतीं गर्दी होऊं शकत नाहीं. त्यांपैकीं एकटाच राहतो आणि धातूची एक बाजू उघडी पडते. शिवाय हा लिगंड धातूस इलेक्ट्रॉन सढळपणें देतो, त्यामुळें बळकट बंधांत शिरण्याचें सामर्थ्य त्यास येतें. १९९८ सालीं फू आणि बुखवाल्ड ह्या दोघांनीं निरनिराळ्या फॉस्फीनांच्या साहाय्यानें क्लोरीनयुक्त कडीं जोडून दाखविलीं. फूचें फॉस्फीन हवेंत पेट घेतें. बुखवाल्डचीं फॉस्फीनें बाटलींत सुखानें राहतात. कारखान्यांत कोणतीं अधिक चाललीं हें सांगावयास नको. कार्बन आणि नायट्रोजन ह्यांची जोडणीहि १९९५ पासून बुखवाल्ड आणि हार्टविग ह्यांच्या हातून साध्य झाली होती, आणि औषधांत नायट्रोजन नसेल असें फार थोडें.

आतां पुण्याकडे. आयबुप्रोफेन हें ताप आणि अंगदुखीवरील औषध घरोघर असतें. बूट्स ह्या ब्रिटिश कंपनीची तें बनविण्याची जुनी रीत सहा पायऱ्यांची होती आणि प्रत्येक पायरीवर कचरा निघे. १९९२ सालीं टेक्सास येथें तीन पायऱ्यांची नवी रीत सुरू झाली. तिची शेवटची पायरी म्हणजे पॅलेडियमच्या साहाय्यानें कार्बन मोनॉक्साइड रेणूंत घालणें. हाहि कार्बनास कार्बन जोडण्याचाच प्रकार. येथें एक पेंच असतो. कार्बन मोनॉक्साइड दोन जागीं बसूं शकतो. एका जागीं बसला तर औषध, दुसऱ्या जागीं बसला तर निरुपयोगी भावंड. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या विक्रियेवर दीर्घ काळ काम केलें. ती कोणत्या वेगानें चालते, आम्ल किती लागतें, दाब वाढविल्यास काय होतें, ह्याचें काटेकोर मोजमाप त्यांनीं केलें. २००० सालीं जयश्री, सेयाद आणि चौधरी ह्यांनीं एक नवें पॅलेडियम-संयुग प्रसिद्ध केलें. त्यांत फॉस्फीनाच्या जोडीस पिकोलिनिक आम्लाचा लिगंड होता. हा साधा आणि स्वस्त रेणु एका हातानें नायट्रोजन व दुसऱ्यानें ऑक्सिजन पुढें करून धातूस धरतो. तीच ती खेकड्याची नांगी. ह्या संयुगानें विक्रिया वेगानें झाली आणि हव्या त्या जागींच बसण्याचें प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास गेलें. चौधरी पुढें अमेरिकेंत कॅन्सस विद्यापीठांत गेले. फॉस्फीनांच्या मागें सारें जग लागलें असतां एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन ह्यांकडे वळून पाहणें, ह्यांत आम्हांस पुण्याच्या त्या शाळेचा खरा स्वभाव दिसतो. एल. के. दोराईस्वामी ह्यांच्यासारख्या संचालकांनीं तेथें विक्रियेच्या गतीचें गणित रुजविलें होतें. त्या गणितांतून लिगंडाकडे जाण्याची ही वाट, संश्लेषणाच्या हौसेंतून येणाऱ्या वाटेहून वेगळी आहे.

मुंबईस माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत, म्हणजे १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या जुन्या ‘यूडीसीटी’ंत, दुसऱ्या दिशेनें काम झालें. तेथें अनंत कापडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाण्यांत विरघळणारें एक फॉस्फीन घडविलें. तीन नायट्रोजन आणि एक फॉस्फरस असलेल्या पिंजऱ्यास सल्फोनेटाची शेपटी जोडली कीं तो लिगंड पाण्यांत उतरतो आणि पॅलेडियमलाहि आपल्याबरोबर उतरवितो. न्यूक्लिओसाइड, म्हणजे आनुवंशिक द्रव्याचे घटक, हे पाण्यांत राहणारे आणि आंच न सोसणारे रेणु. त्यांच्या जोडणीसाठीं हा लिगंड उपयोगी पडला. २०१६ सालीं हें काम प्रसिद्ध झालें.

चऱ्होलीच्या आसपास हा सगळा इतिहास कोणत्या रूपानें येऊन पोहोंचला आहे ? पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. परंतु तें बुरशीचें काम, धातूचें नव्हे. (त्या कारखान्यांत सांपडलेल्या एका सूक्ष्मजंतूच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव कायमचें गोंवलें गेलें आहे, ही गोष्ट जातां जातां नमूद करतों.) पॅलेडियम ह्या भागांत मुख्यतः मोटारींबरोबर आलें. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींस धूर शुद्ध करणारें उपकरण सक्तीचें झालें, आणि पुढें नियम कडक होत २०२०च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा देशभर लागू झाला. जगांतील पॅलेडियमचा सर्वांत मोठा वाटा ह्याच कामीं जातो. औषधांच्या जोडणीस लागतें तें त्यापुढें किरकोळ. म्हणून मोटारींची मागणी वाढली, किंवा रशियांत अथवा दक्षिण आफ्रिकेंत खाणींवर कांहीं संकट आलें, कीं औषधाच्या कारखान्याचा हिशेब बिघडतो. कारण धातूचा बहुतेक पुरवठा त्या दोन देशांतूनच होतो. मार्च २०२२ मध्यें, युक्रेनचें युद्ध सुरू झाल्यावर, भाव एका ट्रॉय औंसास, म्हणजे सुमारें पावणेतीन तोळ्यांस, तीन हजार डॉलरांच्या वर गेला होता.

अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढरा फेस वारंवार आलेला वारकऱ्यांनीं पाहिला आहे, आणि रसायन म्हटलें कीं आमच्या गांवकऱ्यांच्या डोळ्यांपुढें तो फेस येतो. त्यांचा दोष नाहीं. फेसाचें मूळ मुख्यतः मैलापाण्यांत आणि साबणासारख्या द्रव्यांत आहे. पॅलेडियम नदींत सोडण्याइतकें स्वस्त कधींच नव्हतें. पण जोडणीच्या प्रत्येक विवाहांत वर आणि वधू आपापले जे दागिने उतरवून ठेवतात, म्हणजे एका बाजूनें ब्रोमाइडाचें किंवा क्लोराइडाचें मीठ आणि दुसऱ्या बाजूनें बोरॉनाचें आम्ल, तें सगळें पाण्यांतच राहतें. मध्यस्थ कितीहि थोडा लागला तरी ह्या उतरलेल्या दागिन्यांचें वजन कमी होत नाहीं. ‘हरित’ हें विशेषण ह्या विक्रियांस लावणाऱ्यांनीं हें वजन एकदां करून पाहावें.

दुसरी बाजू औषधाच्या गोळीची. गोळींत पॅलेडियमचा अंश राहतां कामा नये. तोंडावाटे घेण्याच्या औषधांतून दिवसास शंभर मायक्रोग्रॅमहून अधिक पॅलेडियम पोटांत जाऊं नये, टोंचून घेण्याच्या औषधांतून दहा, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमाचा दहा हजारावा भाग. तेव्हां ज्या घट्ट लिगंडानें धातूस विक्रियेंत सांभाळलें तोच लिगंड आतां अडथळा होतो. धातूस द्रावणांत धरून ठेवण्याचा त्याचा गुण शुद्धीकरणाच्या वेळीं अवगुण ठरतो, आणि गंधकयुक्त रेझीन किंवा कोळसा घालून धातूस त्याच्या हातून हिसकावून घ्यावा लागतो. ट्रायफेनिल फॉस्फीनाचें ऑक्साइड तर स्फटिकांबरोबर असें चिकटून येतें कीं त्यापायीं पुष्कळ रसायनज्ञांच्या रात्री गेल्या आहेत.

हिसकावलेला हा धातु, रेझीन आणि कोळशासह, पिंपांत भरून शुद्धीकरणाच्या कारखान्यांत पाठवितात. पॅलेडियम धरलेला कोळसा कोरडा झाला तर हवेंत आपोआप पेटूं शकतो, म्हणून तो ओलाच ठेवतात. हें काम करणाऱ्या मुलांस एवढें तरी नीट समजावून दिलेलें असावें. तेथें सारें जाळून राख करतात, राख आम्लांत विरघळवितात, आणि धातु पुन्हां शुद्ध होऊन पुढच्या घाण्यास येतो. लिगंड मात्र परत येत नाहीं. त्याचा कार्बन धुरांत जातो आणि फॉस्फरस राखेंत. कित्येक नव्या फॉस्फीनांची किंमत त्यांनीं धरलेल्या पॅलेडियमच्या बरोबरीस येते, क्वचित् तिच्याहि वर जाते. म्हणून कारखान्याचा हिशेबनीस लिगंडाची किंमत प्रत्येक घाण्यावर नव्यानें मांडतो. आणि पिकोलिनिक आम्लासारखा स्वस्त लिगंड त्या हिशेबांत कोणत्या ओळींत बसतो हें त्यास शिकवावें लागत नाहीं.